मेलेल्या पाहुण्याचं बिल

हर्निया नावाच्या गावात कुणी हौसेने सुट्टी घालवायला जाईल, यावर विश्वास बसणं कठीण आहे. टॅमार मायर्स या अमेरिकन लेखिकेने मात्र पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात हे काल्पनिक गाव वसवलं, त्याला मुद्दाम हेच नाव दिलं आणि तिथे मॅग्डालेना योडर नावाच्या हडकुळ्या, तिखट जिभेच्या, देवभोळ्या आणि कमालीच्या चिकट बाईला एक गेस्टहाउस काढून दिलं. नाव ‘पेनडच इन’. १९९४ साली आलेल्या पहिल्या कादंबरीत हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय आणि मॅग्डालेनाकडे दोन टोकांची गिऱ्हाइकं एकाच वेळी उतरली आहेत. एकीकडे शिकारीला आलेला संसद सदस्य आणि त्याची मंडळी, दुसरीकडे शिकारीला विरोध करायला आलेले प्राणिप्रेमी. ते मांसाला शिवत नाहीत. स्वयंपाकीण फ्रेनी हॉस्टेटलर हिला शाकाहार हा स्वतःच्या हातच्या चवीचा अपमान वाटतो, आणि ती राजीनामा फेकते. (फ्रेनी मालिकाभर राजीनामे देते आणि परत येते, तिचे राजीनामे कुणी मोजत नाही.) अशा गोंधळात एक पाहुणी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडते.

आता पुढचा प्रश्न रहस्यकथेच्या नेहमीच्या नायकाला पडला असता तो असा: कुणी मारलं? मॅग्डालेनालाही तो पडतो. पण त्याच्या जोडीला, किंबहुना जरा आधीच, तिच्या डोक्यात दुसरे प्रश्न उभे राहतात. जिना फार उभा आहे असं म्हणून कुणी दावा ठोकला तर? उरलेले पाहुणे गाशा गुंडाळून निघाले तर? आणि मेलेल्या बाईच्या खोलीचं भाडं?

इंग्रजीत ज्याला ‘कोझी’ म्हणतात त्या रहस्यकथेच्या भल्या मोठ्या घराण्यात ही एक खास शाखा आहे. गेस्टहाउसची मालकीण, पाहुण्यांत एक प्रेत, पाहुण्यांतच एक खुनी, आणि सकाळी आठ वाजता सगळ्यांना नाश्ता. कोझीचे सर्वसाधारण नियम तसे सोपे आहेत. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते, बहुधा बाई असते आणि तिला दुसरा पोटापाण्याचा उद्योग असतो. खून पडद्याआड होतो, रक्ताची वर्णनं नसतात, शृंगार दाराशी थांबतो. गाव किंवा मोहल्ला लहान असतो. शेवटी खुनी सापडतो आणि बहुतेक वेळा तो सापडल्यावर कुणीतरी चहा टाकतं. या प्रकारच्या लेखनासाठी १९८९ पासून अमेरिकेत ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचं वार्षिक संमेलन भरतं. तिथे अगाथा ख्रिस्तीच्या नावाने पुरस्कार देतात, आणि पुरस्काराचं चिन्ह म्हणून विजेत्याच्या हाती पुतळा किंवा ढाल नव्हे, किटली ठेवतात.

बेकरीवाली, पुस्तकांच्या दुकानाची मालकीण, ग्रंथपाल, विणकामाचे वर्ग घेणारी, मांजर पाळणारी असे गुप्तहेर या घराण्यात शेकड्यांनी आहेत. पण यातल्या बहुतेकींना प्रेतापर्यंत ओढत न्यावं लागतं. बेकरीवालीचा खुनाशी संबंध काय, हे पटवताना लेखिकेच्या नाकी नऊ येतात. गेस्टहाउसवालीला ही अडचण नाही. प्रेत तिच्याच घरात, तिनेच इस्त्री केलेल्या चादरीवर असतं.

या शाखेची आजी शोधायची तर लंडनच्या रंगभूमीवर जावं लागतं. अगाथा ख्रिस्तीने राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीसाठी एक छोटी नभोनाटिका लिहिली, ती ३० मे १९४७ रोजी प्रसारित झाली. तिचंच पुढे ‘द माउसट्रॅप’ नावाचं नाटक झालं. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनच्या अँबॅसेडर्स थिएटरमध्ये लागलं. १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये हललं, तेही एकही प्रयोग न चुकवता. कोविडमुळे मार्च २०२० ते मे २०२१ एवढा काळ बंद पडलं, हीच काय ती विश्रांती.

या नाटकाचं रहस्य फोडायचं नाही असा रिवाज आहे, आणि तो इथेही पाळायला हरकत नाही. खुन्यापेक्षा पाहण्यासारखं आहे ते घर. मॉली आणि जाइल्स राल्स्टन या नवविवाहित जोडप्याला वारशाने मोठं घर मिळालंय आणि अनुभव शून्य असताना त्यांनी त्याचं गेस्टहाउस केलंय. पहिलाच दिवस. बाहेर बर्फ. एकेक पाहुणा येतो आणि एकेक नवी डोकेदुखी आणतो. मिसेस बॉइल नावाच्या बाई आल्या क्षणापासून नोकरचाकर नाहीत, घर गार आहे, यांना काही जमत नाही, अशी तक्रार सुरू करतात. एक पाहुणा आगाऊ न कळवताच टपकतो, गाडी बर्फात अडकली म्हणून. आणि सार्जंट ट्रॉटर हा पोलीस चक्क बर्फावरच्या स्कीवरून येतो. त्या काळी ब्रिटनमध्ये मांसावर अजून रेशन होतं, ते १९५४ मध्ये उठलं. म्हणजे त्या पहिल्या प्रेक्षकांना खुनाच्या भीतीइतकीच ही धाकधूक ओळखीची होती: एवढ्या माणसांना जेवायला घालायचं काय आणि बंब पेटता ठेवायचा कशावर? ख्रिस्तीने मॉलीला गुप्तहेर केलं नाही. पण संशयितांना गरम पाणी पुरवावं लागणारी यजमानीण ही कल्पना तिने पक्की करून ठेवली.

मग ती कल्पना अमेरिकेत नव्वदच्या दशकातच का फोफावली? याचं उत्तर साहित्यात कमी आणि करखात्यात जास्त सापडतं. जुन्या, ऐतिहासिक इमारती पाडण्यापेक्षा दुरुस्त कराव्यात म्हणून अमेरिकन सरकारने १९७६ च्या कर कायद्यात सवलती आणल्या. १९८१ मध्ये त्या वाढवून दुरुस्तीखर्चाच्या २५ टक्के एवढी रक्कम थेट करातून वजा करायची मुभा दिली आणि १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आणली. यातली मेख अशी की ही सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच होती. स्वतः राहण्याच्या घराला नाही. एखाद्या जोडप्याने पडायला आलेला व्हिक्टोरियन वाडा घेतला, त्यात चार खोल्या भाड्याने द्यायला काढल्या आणि सकाळी पॅनकेक घातले, की तो वाडा धंद्यात मोडू लागला. अर्थात एवढ्यासाठीच सगळ्यांनी गेस्टहाउस काढली नाहीत. शहरी नोकरीला कंटाळणं, मुलं मोठी होऊन घर रिकामं होणं हीही कारणं होतीच. पण ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ ही मूळची ब्रिटिश सोय अमेरिकेत ऐंशीच्या दशकात फॅशन झाली. १९८२ पासून आठ वर्षं ‘न्यूहार्ट’ नावाची टीव्ही मालिका व्हरमाँटमधल्या अशाच एका जुन्या इनवर हसत होती. त्या फॅशनच्या मागोमाग खुनी आले.

सुरुवातीलाच आले ते सिएटलमध्ये. मेरी डेहाइम ही सिएटलची, १९३७ साली जन्मलेली. शिक्षणाने पत्रकार. १९८३ पासून ऐतिहासिक प्रेमकथा लिहीत होती. १९९१ मध्ये तिने मार्ग बदलला आणि ‘जस्ट डेझर्ट्‌स’ ही कादंबरी काढली. हिलसाइड मॅनर हे गेस्टहाउस, ते ज्या हेराल्ड्‌सगेट टेकडीवर आहे ती टेकडी, आजूबाजूचं चर्च आणि शेजारी हे सगळं काल्पनिक. तरी सिएटल पाहिलेल्या वाचकाला ही क्वीन अ‍ॅन टेकडी आहे हे लगेच ओळखू येतं. या पुस्तकाला अगाथा पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि मालिका पुढे पाव शतक चालली, तीसच्या आसपास पुस्तकं झाली.

हिलसाइड मॅनरची मालकीण ज्युडिथ मॅकमोनिगल ही हौस म्हणून या धंद्यात आलेली नाही. तिचा पहिला नवरा डॅन अवाढव्य, आळशी, जुगारी. तो घरी बसायचा आणि ज्युडिथ दिवसा ग्रंथालयात, रात्री बारमध्ये काम करायची. तो गेल्यावर तिने माहेरच्या जुन्या घराचं गेस्टहाउस केलं. तिच्या या दोन नोकऱ्यांकडे जरा नीट पाहावं. ग्रंथपाल माहिती शोधतो आणि बारवाला लोकांचं ऐकून घेतो. डेहाइमने नायिकेला गुप्तहेरीचं दोन्ही अंगांनी प्रशिक्षण देऊन ठेवलंय आणि वाचकाला ते हलाखीचं वर्णन म्हणून वाचायला दिलंय. ही हुशारी सहज लक्षात येत नाही.

पहिल्या पुस्तकात ब्रोडी नावाचं भांडखोर कुटुंब हिलसाइड मॅनरमध्ये उतरतं, करमणुकीला एक भविष्य सांगणारी बाई बोलावली जाते आणि ती विष पोटात जाऊन मरते. तपासाला येतो जो फ्लिन. हा ज्युडिथचा जुना प्रियकर, वीसेक वर्षांपूर्वी तिला सोडून दुसरीशी लग्न करून मोकळा झालेला. पुढच्या पुस्तकांत दोघांचं लग्न होतं. ज्युडिथची आई गर्ट्रूड हिला जावई डोळ्यांसमोर नको असतो, म्हणून ती त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायला साफ नकार देते आणि परसातल्या अवजारांच्या खोलीत मुक्काम हलवते. ती खोली दुरुस्त करून घेतली जाते आणि म्हातारी पुस्तकामागून पुस्तक तिथेच राहते. सासू-जावयाच्या या शीतयुद्धाला खुनाइतकीच पानं मिळतात. चुलतबहीण रेनी ही ज्युडिथची जोडीदारीण. तोंडाळ, खादाड, आणि सकाळी दहाच्या आत तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही अशी.

आता मालकीणबाई तपास नेमका कसा करतात ते पाहू. खरी गंमत इथे आहे, कारण याला कायद्याचा भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ‘स्टोनर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात असा निकाल दिला की हॉटेलच्या कारकुनाने परवानगी दिली म्हणून पोलिसांना पाहुण्याच्या खोलीची झडती घेता येणार नाही. भाड्याने घेतली असली तरी ती खोली तेवढ्यापुरती पाहुण्याचं घर. परवानगी द्यायची तर त्यानेच द्यायची. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केलं की खोली घेतानाच पाहुणा साफसफाई करणारे, दुरुस्तीवाले अशांना त्यांच्या कामापुरतं आत यायला एक प्रकारे होकार देऊन बसलेला असतो.

म्हणजे फौजदाराला वॉरंट लागतं आणि ज्युडिथला दोन स्वच्छ टॉवेल पुरतात.

केरसुणी, बादली आणि चादरींचा गठ्ठा घेऊन ती खोलीत शिरते. कचऱ्याच्या टोपलीत फाडलेलं पत्र कुणाचं, पलंगाची एकच बाजू चुरगळलेली का, न्हाणीघरातल्या औषधाच्या बाटलीवर नाव भलत्याचंच कसं? यातलं काहीही तिने शोधलेलं नसतं, तिला ते आवरताना दिसलेलं असतं. (ती आवरता आवरता पत्र वाचते तेव्हा कायद्याची मर्यादा ओलांडते हे खरं, पण कोझीचा वाचक इतका काटेकोर नसतो.) जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसणं टाळतं, रात्री कुणाच्या खोलीचा दिवा चालू होता, टेलिफोनवर कोण कुजबुजत होतं, हेही तिच्या रोजच्या कामाचाच भाग. शेरलॉक होम्सला पावलांचे ठसे पाहायला गुडघ्यावर बसावं लागायचं. ही बाई फरशी पुसायला तशीही गुडघ्यावर बसलेलीच असते.

दुसरं हत्यार नोंदवही. आपल्याकडे लॉजवर ओळखपत्र दाखवल्याशिवाय किल्ली मिळत नाही, पण नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन गेस्टहाउसात फोनवर सांगितलेलं नाव बहुतेक वेळा तसंच उतरवून घेत. खोटं नाव हा मग या कादंबऱ्यांचा हुकमी एक्का झाला. डेहाइमच्या ‘लेग्ज बेनेडिक्ट’मध्ये अगदीच सर्वसाधारण नाव सांगून उतरलेला पाहुणा मेल्यावर कळतं की तो गुन्हेगारी टोळीचा भाडोत्री मारेकरी होता. या नोंदवहीवरूनही पुढे खराखुरा खटला झाला. लॉस एंजेलिस शहराचा नियम होता की पोलिसांनी मागितलं की हॉटेलवाल्याने पाहुण्यांची नोंद तिथल्या तिथे दाखवायची, नाहीतर गुन्हा. याविरुद्ध मोटेलमालक कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. खटल्याचं नाव ‘सिटी ऑफ लॉस एंजेलिस विरुद्ध पटेल’. अमेरिकेतल्या मोटेलांचा किती मोठा हिस्सा गुजराती कुटुंबांच्या हातात आहे हे ठाऊक असलेल्याला त्या नावाचं नवल वाटणार नाही. नवल याचं वाटतं की एवढा मसाला हाताशी असताना कोझी लिहिणाऱ्यांनी काउंटरमागच्या पटेल काकूंना नायिका करायचा सपाटा कसा लावला नाही.

या शाखेने रहस्यकथेचा एक जुना दुखरा प्रश्नही सोडवला. ‘मर्डर, शी रोट’ ही टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. अँजेला लान्सबरीने रंगवलेली तिची नायिका, जेसिका फ्लेचर, मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावात राहायची. भाग झाले २६४. इतक्या लहान गावात इतके खून पडायला लागले की लोक विनोद करू लागले: हिच्याशेजारी घर घ्यायचं म्हणजे मृत्युपत्र करूनच घ्यावं. शेवटी निर्मात्यांनी १९९१ मध्ये जेसिकाला न्यूयॉर्कमध्येही एक घर घेऊन दिलं. लहान गावात चाललेल्या कुठल्याही खूनमालिकेला हाच शाप असतो. शेजारी मारत सुटलं तर शेजार उरत नाही, आणि शेजारी खुनी निघत गेले तर गाव गोड राहत नाही.

गेस्टहाउसमध्ये मात्र मरणारा आणि मारणारा दोघंही बाहेरगावचे. दोघं आरक्षण करून येतात, जुनं वैर सामानाबरोबर आणतात, एक स्ट्रेचरवरून जातो, दुसरा बेड्या घालून. गावाला ओरखडाही नाही. आणखी एक फायदा: मेलेल्याला कुणी फारसं ओळखत नसतं, त्यामुळे शोक करायची वेळ येत नाही आणि विनोदाला मोकळीक मिळते. डेहाइम हा बळीही बहुतेक वेळा नकोसा निवडते. ‘बँटम ऑफ द ऑपेरा’मध्ये मारियो पाचेट्टी नावाचा जाडजूड, उर्मट ऑपेरागायक हिलसाइड मॅनरमध्ये राहून सगळ्यांना इतका छळतो की त्याच्यावर विषप्रयोग होतो तेव्हा संशयितांची यादी करण्याऐवजी कुणाला यादीतून वगळायचं हे पाहणं सोपं जातं.

पण प्रेताची आयात केली तरी त्याचा हिशेब द्यावाच लागतो. या कादंबऱ्या इतर कोझींहून वेगळ्या पडतात त्या इथे. बेकरीवाली गुप्तहेर कुतूहलापोटी किंवा मैत्रिणीवर आळ आला म्हणून तपास करते. गेस्टहाउसवाली करते ती पोटावर पाय येऊ नये म्हणून. खुनाचा छडा लागला नाही तर खोली सील, खोली सील तर बुकिंग रद्द, आणि बुकिंग रद्द झाली तर गहाणाचा हप्ता थकला. डेहाइमने या धाकाला चेहराही दिला आहे. राज्याच्या गेस्टहाउस संघटनेत इनग्रिड हेफलमन नावाच्या बाई आहेत. त्यांना ज्युडिथकडे सापडणाऱ्या प्रेतांचा मनस्वी राग आहे. अशाने सगळ्या धंद्याचं नाव खराब होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं आहे असं कसं म्हणणार? एका पुस्तकात तर ज्युडिथ संघटनेसाठी ‘लिटल बव्हेरिया’ या गावच्या ऑक्टोबर उत्सवात राबायला जाते. हे गाव वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थवरून उचललेलं आहे. ते मूळचं लाकूडतोड्यांचं गाव. धंदा बसल्यावर साठच्या दशकात त्याने पर्यटक खेचण्यासाठी अख्खा जर्मन वेश चढवला. तिथेही खून होतोच.

‘सिल्व्हर स्क्रीम’ या २००२ च्या पुस्तकात हा धाक सर्वांत उघडा दिसतो. हॉलिवूडचा एक बडा निर्माता चित्रपटाच्या प्रीमियरनिमित्त लवाजम्यासह हिलसाइड मॅनर ताब्यात घेतो आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तोंड बुडालेल्या अवस्थेत मेलेला सापडतो. ज्युडिथ आणि जो या नवराबायकोची पाचावर धारण बसते ती खुनी मोकळा आहे म्हणून नव्हे. हा अपघात ठरला आणि घरातली एखादी ढिली वस्तू त्याला कारण ठरली, तर नुकसानभरपाईचा दावा लागून घर जाईल, ही ती भीती. तेव्हा हा खूनच असावा अशी यजमानीण मनोमन प्रार्थना करते. इतका काळा विनोद इतक्या घरगुती आवाजात करणं सोपं नाही.

याच सुताची ब्रिटिश गुंडी म्हणजे ‘फॉल्टी टॉवर्स’ ही विनोदी टीव्ही मालिका. ती रहस्यकथा नाही, पण १९७९ मधल्या तिच्या एका भागात एक पाहुणा झोपेतच मरतो आणि मालक बेसिल फॉल्टी समजतो की आपण दिलेल्या मुदत उलटलेल्या माशाने तो मेला. मग प्रेत या खोलीतून त्या खोलीत, कपाटात, टोपलीत. एकूण बाराच भागांची ही मालिका टॉर्की या समुद्रकाठच्या गावी घडते. मॉन्टी पायथन या विनोदी चमूचे नट १९७० मध्ये तिथल्या एका हॉटेलात राहिले असताना मालकाचा तऱ्हेवाईकपणा पाहून त्यांच्यातल्या जॉन क्लीझला ही कल्पना सुचली. टॉर्की हेच अगाथा ख्रिस्तीचं जन्मगाव.

विनोदाच्या बाबतीत मात्र मायर्सची मॅग्डालेना डेहाइमच्या ज्युडिथला मागे टाकते, निदान पहिल्या सात-आठ पुस्तकांत. ज्युडिथ प्रसंगात सापडते म्हणून हसू येतं, मॅग्डालेना स्वतःच प्रसंग आहे. तिचे आईवडील ज्या अपघातात गेले त्याचं वर्णन ती थंडपणे करते: बोगद्यात एका बाजूला दुधाचा टँकर, दुसऱ्या बाजूला धावायच्या बुटांनी भरलेला ट्रक, मधोमध ते. वारशात मिळालेल्या शेतघराचं तिने गेस्टहाउस केलं आणि आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या साध्या राहणीचं शहरी श्रीमंतांना वेड आहे हे हेरून एक योजना काढली. पाहुण्यांनी स्वतः झाडलोट करायची, स्वतःच्या खोल्या आवरायच्या, आणि या ‘अनुभवाचे’ जादा पैसे द्यायचे. पाहुणे आनंदाने देतात. कृषी पर्यटनाच्या नावाखाली शेण सारवायला लावणाऱ्या केंद्रांची आठवण आपल्या वाचकाला झाली, तर दोष मायर्सचा नाही.

गावचा पोलीसप्रमुख मेल्विन स्टॉल्ट्‌झफस याने कधीकाळी बैलाचं दूध काढायचा प्रयत्न केला होता आणि बैलाने त्याला लाथ घातली. त्याने आवडत्या मावशीला पार्सलने आइस्क्रीमही पाठवलं होतं. अशा माणसाच्या हाती तपास असल्यावर मॅग्डालेनाने लक्ष घालणं हे नागरी कर्तव्यच ठरतं. पुढे हाच मेल्विन तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा होतो, म्हणजे कर्तव्याला घरचा जाचही जोडला जातो. ती बहीण सुझाना अंगाभोवती लांबलचक कापड गुंडाळून हिंडते आणि त्या कापडाआड छातीशी एक इवलंसं कुत्रं बाळगते. ते मॅग्डालेनाला चावतं.

बाहेरच्या कुणी हे लिहिलं असतं तर एका छोट्या धर्मपंथाची टिंगल म्हणून ते खुपलं असतं. मायर्स स्वतः मेनोनाइट (आमिशांच्या नात्यातला ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्यांच्या घरात, १९४८ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोत जन्मली, पूर्वज आमिश. त्यामुळे मॅग्डालेनासारखी मेनोनाइट बाई मोटार चालवते पण नाच म्हटलं की कानांवर हात ठेवते, आमिश नातलग वीज घेत नाहीत पण विजेवर चालणाऱ्या गेस्टहाउसात नोकरी करतात, असल्या बारीक तडजोडी तिला आतून ठाऊक आहेत. विनोद त्या तडजोडींवर आहे. श्रद्धेला ती हात लावत नाही.

पेनडचच्या पुस्तकांत मधूनमधून फ्रेनीच्या पाककृती येतात. रहस्यकथेत पाककृती घालायची पद्धत बरीच जुनी. रेक्स स्टाउटने १९३८ च्या ‘टू मेनी कुक्स’ला त्या जोडल्या होत्या, आणि व्हर्जिनिया रिचने १९८२ पासून स्वयंपाक आणि खून यांची जोडीच लावून दिली. १९९४ मध्येच सुरू झालेल्या हेमलॉक फॉल्स मालिकेत इन चालवतात दोन बहिणी: क्विल चित्रकार, हिशेबाच्या नावाने बोंब, आणि मेग अव्वल दर्जाची शेफ, डोक्याने गरम. लेखिका क्लॉडिया बिशप, हे टोपणनाव. या बहिणी प्रेमळ आहेत, संवाद चुरचुरीत आहेत, पण गेस्टहाउसच्या धंद्याची धग डेहाइमइतकी जाणवत नाही. क्विलचं हॉटेल बुडेल अशी भीती वाचकाला फारशी वाटत नाही.

दोष सगळ्याच मालिकांत आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. डेहाइमचे उलगडे पुष्कळदा घाईत होतात, शेवटच्या वीस पानांत खुनी स्वतःच सगळं सांगून टाकतो. पात्रं इतकी की कागदावर नावं लिहून ठेवावी लागतात. आणि ज्युडिथच्या घरी फार प्रेतं झाली की लेखिका तिला घराबाहेर काढते: मधुचंद्राला, कॅनडात, स्कॉटलंडच्या वाड्यात, इतकंच काय, कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात. इस्पितळातही शेजारच्या खाटांवरचे रुग्ण धडाधड मरू लागतात. ही प्रवासी पुस्तकं वाचनीय आहेत, पण ज्युडिथच्या हातात किल्ल्यांचा जुडगा नसला की तिची निम्मी ताकद जाते. पाहुणी झालेली यजमानीण इतर चार गुप्तहेरांसारखीच वाटते. पुढे लेखिकेने या बदनामीचीच गंमत केली. ज्युडिथच्या नावाने चाहत्यांचं मंडळ निघतं, तिला हौशी गुप्तहेर म्हणून टोपणनाव पडतं, आणि खोल्या भरतात त्या नाश्त्यासाठी नव्हे तर प्रेताच्या आशेने. इनग्रिडबाईंना याचं काय वाटलं असेल ते सांगायला नको.

मराठी वाचकाला हा प्रकार तसा अनोळखी राहिला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण झुंझार आणि काळापहाड हे वेषांतर करणारे, पिस्तूल बाळगणारे वीर. चादरी बदलणारी बाई त्यांच्या दुनियेत बसत नाही. ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मधुकर तोरडमलांसारख्या कसलेल्या नटाने मराठीत आणल्या आणि त्या उदंड वाचल्या गेल्या. सामग्री मात्र आपल्याकडे कमी नाही. महाराष्ट्राच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, कोकणात घरोघरी पाहुणे उतरतात, आणि मुंबईहून आलेल्या कुठल्या कुटुंबाचं कुणाशी पटत नाही हे काकूंना पहिल्या पोह्यांच्या वेळीच कळलेलं असतं. हे कुणी मराठी लेखकाने मनावर घ्यावं.

खऱ्या धंद्याने मात्र दिशा बदलली आहे. एअरबीएनबी २००८ मध्ये सुरू झाली आणि आता कितीतरी ठिकाणी मालक दिसतच नाही. दाराला आकड्यांचं कुलूप, भिंतीवर वायफायचा पासवर्ड, नाश्ता आपला आपण. तिथे खून झाला तर पाहणारं कुणी नाही, कुरकुर करणारी आई परसात नाही आणि टॉवेलही आधीपासून कपाटात. म्हणूनच आजही जी गेस्टहाउस-रहस्यं निघतात त्यांतल्या मालकिणी हट्टाने त्याच घरात राहतात आणि स्वतःच अंडी फेटतात.

डेहाइम मार्च २०२२ मध्ये गेली. तिची पुस्तकं बहुतेक स्वस्त, खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांत निघाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती अजून हाताला लागतात आणि ई-पुस्तकं म्हणूनही मिळतात. सुरुवात ‘जस्ट डेझर्ट्‌स’पासूनच करावी, कारण जो परत कसा आला आणि गर्ट्रूड परसात का गेली हे क्रमाने वाचण्यात मजा आहे. नंतर थेट ‘बँटम ऑफ द ऑपेरा’, मग ‘लेग्ज बेनेडिक्ट’ आणि ‘सिल्व्हर स्क्रीम’. मायर्सची मात्र पहिली तीन ओळीने वाचावीत. चौथ्यापर्यंत पोचलेला वाचक फ्रेनीच्या पुढच्या राजीनाम्याची वाट पाहू लागलेला असतो.